साडेसहाशे डॉलरची वामकुक्षी

मार्चअखेरीस आम्ही अमेरिकेतून बडोद्याला परतलो आणि बॅगा उघडायच्या आत भाच्याचा फोन. "मावशी, तुम्ही डिस्नेला राहून आलात ना? खरं खरं सांग, आतल्या महागड्या हॉटेलात राहण्यात काही अर्थ आहे का, की बाहेर राहून पैसे वाचवू?" त्याला येत्या डिसेंबरात आई-बाबा, बायको आणि लेकीला घेऊन जायचंय. त्याच्या मागोमाग कारेलीबागेतली मैत्रीण, मग यांच्या कमाटीबागेत सकाळी फिरणाऱ्या कंपूतले दोघे. फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच हिंचक्यावर बसून लिहून काढते.

आमची मुलगी फ्लोरिडात टॅम्पाला राहते. तिथून डिस्ने वर्ल्ड गाडीने दीडेक तास. आम्ही ऑक्टोबरपासून जवळजवळ सहा महिने तिच्याकडे होतो, आणि तेवढ्या काळात सात रात्री डिस्नेच्या नादात काढल्या. दोन बाहेरच्या हॉटेलात, दोन डिस्नेच्याच स्वस्त हॉटेलात, तीन महागड्यांत. नातू सहा वर्षांचा. यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालेलं. मी तेहतीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे बिलं सगळी जपून ठेवलीत. आकडे त्यांतलेच. मात्र मुलगी फ्लोरिडाची रहिवासी म्हणून भाड्यात सवलत मिळाली होती. इथून बुक करणाऱ्याला ती मिळत नाही, तेव्हा यात भर घालूनच वाचा.

बाहेरच्या हॉटेलाचं नाव घेत नाही. बुक करताना 90 डॉलर दिसले. काउंटरवर गेल्यावर रोजची 'रिसॉर्ट फी', गाडी लावायचे वेगळे, वर कर. शटल दिवसातून तीनदा, आणि आमची शटल आमच्या डोळ्यांदेखत सुटली. दुसऱ्या दिवशी जावई म्हणाले, गाडीनेच जाऊ. तर पार्कातलं पार्किंग अजून 30 डॉलर.

पैशांचं एक वेळ जाऊ दे. डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम या पार्काची गंमत अशी, की तुम्ही गाडी लावता ती पार्काच्या दारात लावतच नाही. मध्ये मोठा तलाव आहे. गाडी लावायची, ट्रामने तलावाच्या अलीकडच्या स्टेशनावर यायचं, सुरक्षा तपासणी, मग मोनोरेल नाहीतर फेरीबोट, आणि तेव्हा कुठे गेट. आम्हाला गाडी लावल्यापासून आत पाऊल टाकेपर्यंत पन्नास मिनिटं लागली. जाताना उत्साह असतो, चालून जातं. रात्री आतषबाजी संपल्यावर हजारो माणसांबरोबर तोच प्रवास उलटा करायचा, गुडघा सुजलेला, नातू खांद्यावर झोपलेला. त्या रात्री हे एक अक्षर बोलले नाहीत. आमच्या घरात याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

नोव्हेंबरात मग पॉप सेंच्युरी. डिस्नेच्या हॉटेलांचे ढोबळ तीन वर्ग: व्हॅल्यू, मॉडरेट, डिलक्स. हे व्हॅल्यूतलं. रात्रीचे 178 डॉलर, वर साडेबारा टक्के कर, म्हणजे 200. रिसॉर्ट फी नाही, पार्किंगचे पैसे नाहीत, पार्कातल्या पार्किंगचेही नाहीत. बाहेर इमारतीएवढे यो-यो आणि बोलिंगच्या पिना उभ्या केल्यात, मोठ्या माणसाला जरा भडकच वाटतं. खोली 260 चौरस फूट. एक पलंग दिवसा भिंतीत जातो आणि त्या जागी टेबल येतं. तो वरखाली करण्यात नातवाने पहिला तास घालवला. या खोलीत चारच माणसं मावतात, त्या वेळी जावयांना कामामुळे यायचं नव्हतं म्हणून जमलं.

इथली खरी चीज म्हणजे स्कायलायनर, 2019 पासून सुरू झालेला रोपवे. हॉटेलच्या तळ्यावरूनच निघतो आणि कॅरिबियन बीच या हॉटेलापाशी बदलून एपकॉट नाहीतर हॉलिवूड स्टुडिओज या पार्कांत नेतो. बडोदेकरांना सांगायचं तर पावागडचा उडनखटोला, फक्त वर महाकाली नाही. पावागडला चालत्या पाळण्यात टुणकन उडी मारावी लागते, इथे पाय अधू असेल तर बाजूच्या मार्गावर पाळणा पूर्ण थांबवून बसवतात. एसी नाही, वाऱ्याचे झरोके आहेत. वीज कडाडायला लागली की बंद ठेवतात, मग बस.

आता नीट ऐका, कारण जाहिरातीत हे शोधूनच काढावं लागतं. पार्क उघडण्याआधी अर्धा तास आत सोडणं आणि रांग टाळायच्या सशुल्क पासचं बुकिंग सात दिवस आधी करता येणं (बाहेरच्यांना तीन दिवस आधी), हे दोन्ही फायदे 200 डॉलरवाल्याला मिळतात तेच 700 वाल्याला. डिलक्सवाल्यांना जास्तीचं एवढंच, की ठरावीक रात्री मॅजिक किंगडम आणि एपकॉटमध्ये बंद होण्याच्या वेळेनंतर दोन तास थांबू देतात. आम्हाला ती रात्र मिळाली होती. मुलगी आणि जावई गेले. हे, मी आणि नातू नऊ वाजता घोरत होतो. त्या दोन तासांचे पैसे मात्र पाच जणांच्या खोलीत धरलेलेच होते.

जानेवारीत कंटेम्पररी. 1971 च्या ऑक्टोबरात डिस्ने वर्ल्ड उघडलं त्या दिवसापासूनचं हॉटेल, आणि मोनोरेल चक्क त्याच्या पोटातून जाते. आमची खोली मात्र त्या उंच इमारतीत नव्हती, शेजारच्या तीन मजली गार्डन विंगमध्ये होती, म्हणून 578 अधिक कर, 650 डॉलर. रुपयांत पंचावन्न हजारांच्या वर. एका रात्रीचे! बुकिंग करताना मुलीने लॅपटॉप माझ्याकडे वळवला नाही, तेव्हाच मी समजले.

खोली चांगली होती. मोठी, स्वच्छ, दोन पलंग आणि वर एकाला झोपता येईल असा दिवाण. पण ज्या गावात लक्ष्मीविलास पॅलेस रोज बसमधून दिसतो, तिथल्या माणसाला थाटामाटाचं अप्रूप किती वाटणार? उशी मऊ होती, एवढं म्हणते. फ्रिज होता, कॉफीचं यंत्र होतं, मायक्रोवेव्ह नव्हता. पॉप सेंच्युरीत निदान खाली फूड कोर्टात होता. म्हणजे 650 डॉलर भरून मी मुगाची खिचडी थंडगार खाल्ली.

आणि तरीही, सहा महिन्यांत यांनी "पैसे वसूल" हे शब्द उच्चारले ते इथेच.

कारण असं. कंटेम्पररीहून मॅजिक किंगडमचं गेट पायी दहा मिनिटं, सपाट रस्ता. सुरक्षा तपासणी वाटेवरच, रांग चार माणसांची. सकाळी साडेआठला आत. साडेबाराला ऊन चढलं, पोरं रडायला लागली, राईडच्या रांगा तासाच्या पुढे गेल्या, की आम्ही बाहेर. परत येताना मोनोरेलचं पहिलंच स्टेशन आपलं. (जाताना मात्र मोनोरेलने जाऊ नका, ती सगळ्या तलावाला वळसा घालून नेते. चालत लवकर पोचता.) एकला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, सव्वाला सगळे आडवे. साडेतीनला चहा. चारला पुन्हा पार्कात, थेट रात्रीच्या आतषबाजीपर्यंत. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आडवं होणाऱ्या गावातली माणसं आम्ही, आम्हाला हे वेळापत्रक रक्तातूनच माहीत होतं. दोन्ही रात्री यांचा गुडघा सुजला नाही.

मी रात्री कागदावर हिशेब मांडला तर मुलगी हसली. "आई, तू झोपेचा भाव काढतेस?"

"मग कशाचा काढू? खोलीत जागे आपण होतो तरी किती वेळ?"

बरं, हिशेबातली आणखी एक बाब. आम्ही पाच जण होतो. पॉप सेंच्युरीत पाच म्हणजे दोन खोल्या, 400 डॉलर. इथे एकच, 650. तेव्हा फरक साडेचारशेचा नाही, अडीचशेचा. जोडप्याने जायचं असेल तर हे गणित लागू नाही. दोन धडधाकट माणसं सकाळी जाऊन रात्री परतणार असतील तर त्यांनी डिलक्सच्या वाटेलाही जाऊ नये, पॉप सेंच्युरीच्या बसनेही मॅजिक किंगडमच्या दाराशीच उतरता येतं, तलाव ओलांडावा लागत नाही.

कंटेम्पररीत एक भिंतचित्र आहे, मेरी ब्लेअरनं केलेलं, नव्वद फूट उंच, रंगीत फरशांचं. त्यात एक बोकड आहे पाच पायांचा. नातवाने तो तीनदा मोजला, मग आजोबांकडून मोजून घेतला, मग बाजूला उभ्या असलेल्या एका अनोळखी आजींकडून. हे बघायला खोली घ्यावी लागत नाही. हॉटेलांची मोनोरेल फुकट आहे, कोणीही बसावं. आम्ही तशाच ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलच्या लॉबीत जाऊन तासभर पियानो ऐकत बसलो, कोणी हटकलं नाही.

शेवटचा मुक्काम फेब्रुवारीत, एक रात्र, ॲनिमल किंगडम लॉज. खोलीच्या सज्जातून माळ दिसतो आणि माळावर आफ्रिकेतले प्राणी. 640 अधिक कर, 720. जवळजवळ बासष्ट हजार रुपये. दार उघडून सगळे सज्जात धावलो, आणि समोर उभी होती गाय. हात-हातभर लांब शिंगांची, अंकोले जातीची, पण गायच. हे म्हणाले, "बासष्ट हजार भरून गाय! आपल्याकडे गेटात उभी असते, हाकलावी लागते." नातवाला आजोबा का हसताहेत ते कळेना.

पण पहाटे साडेसहाला मी एकटी उठले. थंडी होती, शाल घेऊन सज्जात बसले. धुक्यातून आधी मान आली, मग बाकीचा जिराफ. पंचवीस-तीस पावलांवर उभा राहून चरत होता, पानं ओरबाडल्याचा आवाज येत होता. यांना उठवायला गेले नाही. अर्धा तास तसाच गेला. तेवढ्याचे बासष्ट हजार झाले का, म्हणाल तर हो, एकदा. दुसरी रात्र असती तर मी झोपूनच राहिले असते.

इथे मोनोरेल नाही, स्कायलायनर नाही, कुठेही जायचं तर बस. म्हणजे दुपारच्या झोपेचा फायदा इथे निम्मा. आणि जिराफ फक्त सज्जावाल्यांसाठी राखून ठेवलेत असंही नाही. लॉबीच्या मागे जाऊन कोणालाही बघता येतात. तिथल्या 'साना' नावाच्या उपाहारगृहाच्या खिडक्यांतूनही दिसतात. तिथे नान आणि कुलचे मिळतात, सोबत नऊ वाट्या: आंब्याची चटणी, चिंचेची चटणी, रायतं, लसणाचं लोणचं. शाकाहारी माणसाने महिनाभर सॅलड चघळल्यावर लसणाचं लोणचं समोर आलं की डोळ्यांत पाणी येतं, तिखटाने नव्हे. दुपारी जेवायला तिथे जावं आणि झोपायला दुसरीकडे.

हो, पार्कात घरचा डबा नेता येतो, काचेची भांडी तेवढी नकोत. आपल्याकडच्या पार्कांत गेटवर पिशव्या उपसून लिलो चिवडासुद्धा काढून घेतात, त्या मानाने ही लोकं सरळ.

भाच्याला मी सांगितलं ते असं. तुझ्या आईला मधुमेह, वडिलांना दोन मजले चढवत नाहीत, लेक पाच वर्षांची, माणसं पाच. चार रात्री डिलक्समध्ये काढायची हौस नको. दोन रात्री मॅजिक किंगडमच्या पायी अंतरावर, बाकी पॉप सेंच्युरीत दोन खोल्या. त्यातही कंटेम्पररीच्या शेजारी बे लेक टॉवर आहे, तिथे एक बेडरूमच्या घरात पाच जण मावतात आणि पूर्ण स्वयंपाकघर आहे. ही घरं डिस्नेच्या व्हेकेशन क्लबच्या सभासदांकडून त्यांचे मुक्कामाचे पॉइंट भाड्याने घेऊन बरीच स्वस्त पडतात. फक्त बुकिंग रद्द केलं तर पैसे सहसा परत मिळत नाहीत, तेव्हा व्हिसा हातात आल्याशिवाय पैसे भरू नकोस.

परवा त्याचा पुन्हा फोन. बे लेक बघितलं, बायकोला आवडलं, आईला सांगितलंय. आता आईचा एकच प्रश्न आहे, कुकर न्यायचा का?

ने म्हटलं. शेगडी विजेची आहे, तेव्हा तिचा तो जुना, बुडाला पोचे आलेला नको. तीन लिटरचा, सपाट बुडाचा घे, आणि शिट्टी काढून मोज्यात गुंडाळ.