तेवीसची घ्यावी, तेराची की वीसची?

न्यूमोनियाची लस घ्या म्हटल्यावर “मला खोकला तरी आहे का?” हा बाबांचा पहिला प्रश्न. वय 71, मधुमेह जुना, ठाण्याच्या नौपाड्यात लिफ्ट नसलेला तिसरा मजला. सकाळी मासुंदा तलावाकाठी जमणाऱ्या त्यांच्या मित्रमंडळींचंही तेच म्हणणं : कोविडच्या वेळी टोचून घेतलं तेवढं पुरे, धडधाकट माणसाने सुई कशाला घ्यायची? मी महिनाभर डोकं फोडलं, उपयोग शून्य. शेवटी फॅमिली डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट बघता बघता, मानही वर न करता विचारलं, “न्यूमोनियाची लस झाली का? घेऊन टाका.” झालं, बाबा तयार.

मग प्रश्न उरला कोणती घ्यायची. बाबांचा हिशोब सरळ होता : तेवीस मोठे की वीस? तेवीसच, शिवाय स्वस्त. पण इथे आकडा फसवतो. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस या जंतूचे शंभराच्या आसपास प्रकार आहेत आणि लसीच्या नावातला आकडा म्हणजे त्यातले किती प्रकार तिच्यात घेतलेत ते. तेवीसच्या लसीत (पीपीएसव्ही 23) जंतूच्या आवरणातली शर्करा नुसतीच असते. शरीर तिच्यावर प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार करतं, पण ओळख फारशी लक्षात ठेवत नाही, त्यामुळे काही वर्षांत जोर ओसरतो. तेराच्या आणि वीसच्या लसीत (पीसीव्ही) तीच शर्करा प्रथिनाला जोडलेली असते, म्हणून ओळख पक्की राहते.

तेराच्या लसीवर नेदरलँड्समध्ये 65 वर्षांवरच्या सुमारे 85 हजार लोकांचा अभ्यास झाला, 2015 साली तो प्रसिद्ध झाला. लसीतल्या प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया सुमारे 45 टक्क्यांनी कमी झाला; तेच जंतू रक्तात वगैरे पसरून होणारा गंभीर आजार 75 टक्क्यांनी. बाबा निवृत्त शिक्षक. 45 ऐकल्यावर म्हणाले, “म्हणजे पासक्लास!” इतर जंतूंच्या न्यूमोनियावर मात्र यातली कुठलीच लस चालत नाही, हेही त्यांना सांगून ठेवलं.

खर्चाचं म्हणाल तर तेवीसची सर्वांत स्वस्त, वीसची महाग. मात्र तेराची घेतली की साधारण वर्षाने तेवीसचीही घ्यायला सांगतात. म्हणजे दोन खर्च, दोन खेपा, आणि दुसरी तारीख विसरणार हे नक्की. वीसची एकदा घेतली की विषय संपला. आधी तेवीसची घेतली असेल तर पीसीव्हीसाठी वर्षभर थांबावं लागतं, तेव्हा जुना कागद शोधून डॉक्टरांना दाखवा.

बाबांना खरं बोचलं ते वेगळंच. भाच्याला पीसीव्ही प्रकारचीच लस महापालिकेच्या केंद्रात दीड महिन्याचा, साडेतीन महिन्यांचा आणि नऊ महिन्यांचा असताना फुकट मिळाली. आजोबांना मात्र विकत, आणि मेडिक्लेममध्येही लस सहसा बसत नाही.

माझं मत : झेपत असेल तर वीसची. हात आखडता असेल तर तेवीसची, पण “पुढच्या पेन्शनला बघू” नको. फ्लूची लस वेगळी, ती दरवर्षी.

आम्ही वीसची घेतली. केमिस्टकडून बर्फाच्या पिशवीत घालून थेट दवाखान्यात नेली. दंड दोन दिवस ठणकला. तिसऱ्या दिवशी तलावावर बाबांनी बाही वर करून सगळ्यांना दाखवला, आणि दोघांनी हळूच डॉक्टरांची वेळ विचारून घेतली.