अर्जात 'वाजवी' लिहू की 'रास्त'?

शेजारचे काका सोसायटीला द्यायच्या अर्जाचा कच्चा कागद घेऊन आले. देखभाल शुल्क महिन्याला १८०० रुपयांवरून एकदम २९०० झालं होतं आणि काका तापलेले होते. कागदावर एकाच वाक्यात तीनदा खाडाखोड. आधी 'सदर वाढ रास्त नाही', मग 'वाजवी नाही', मग पुन्हा 'रास्त'. "दोन्ही सारखंच ना रे? कुठला वजनदार वाटतो तेवढं सांग, म्हणजे फेअर करून टाकतो."

वजनदार म्हणाल तर रास्त. पण तो इथे चालेल का, हे वेगळं बघावं लागतं. 'वाढ वाजवी नाही' असं लिहिलंत, तर वाढ व्हायला तुमची हरकत नाही, एवढी नको, असा अर्थ निघतो. समिती लगेच विचारणार, मग किती द्याल? 'वाढ रास्त नाही' असं लिहिलंत, तर वाढवायला मुळात कारणच नव्हतं, असं तुमचं म्हणणं होतं. ते मग दाखवूनही द्यावं लागतं. काकांना विचारलं, तुमचं नक्की काय म्हणणं आहे? "अरे, लिफ्टवाल्याचं कंत्राट महागलंय, वॉचमनचा पगार वाढलाय, मला काय कळत नाही का? चार-पाचशे वाढवले असते तर मी बोललोही नसतो." मग काका, तुमचा शब्द वाजवी.

हा फरक कोशापेक्षा बाजारात लवकर कळतो. भाजीवालीला आपण म्हणतो, "मावशी, जरा वाजवी लावा की." 'जरा रास्त लावा' असं म्हणून बघा, मावशी वर बघेल. वाजवीला 'जरा' लागतो, 'फारसं वाजवी नाही' म्हणता येतं, 'वाजवीपेक्षा जास्त' तर आपण दिवसातून दोनदा म्हणत असू. म्हणजे वाजवी ही एक पट्टी आहे, तिच्यावर खालीवर सरकता येतं. 'रास्तपेक्षा जास्त' कुणी म्हणत नाही. उलट अर्थाचे शब्दही बघा. वाजवीला अवाजवी आहे, गैरवाजवी आहे. रास्तला रोजच्या बोलण्यात जोडीदार नाही, 'रास्त नाही' एवढंच म्हणून थांबावं लागतं.

मुळं बघितली तर हे आश्चर्याचं वाटत नाही. वाजवी आला अरबी 'वाजिब'वरून. बंधनकारक, जे देणं लागतं ते, असा त्याचा अर्थ. जुन्या कागदांत तो 'वाजबी' असा भेटतो आणि हिंदीत 'वाजिब दाम' अजून आहेच. (ढोल वाजवण्याशी त्याचं काही नातं नाही, शाळेत मला ते होतं असं वाटायचं.) रास्त फारसी आहे. सरळ, उजवा, खरा. आपल्या 'ऋजु'चा तो दूरचा भाऊबंद मानला जातो. १८५१ मध्ये दादाभाई नौरोजींनी मुंबईत गुजराती पत्र काढलं त्याचं नाव 'रास्त गोफ्तार', म्हणजे खरं बोलणारा. देण्याघेण्यातून आलेला शब्द मापाचा झाला आणि सरळपणातून आलेला शब्द निवाड्याचा, असं मी माझ्यापुरतं लक्षात ठेवलंय.

आता कुणी म्हणेल, मग 'रास्त भाव दुकान' कसं? भाव म्हणजे मापच की. हा आक्षेप रास्त आहे (वाजवी म्हणवत नाही, बघा). पण त्या दुकानात कुणी कधी घासाघीस केली आहे का? आमच्याकडे त्याला अजून 'कंट्रोल' म्हणतात. तिथला भाव सरकार ठरवणार, त्यावर बोलणं नाही. घासाघीस संपली की वाजवीचं काम संपतं, म्हणून पाटीवर रास्त. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तिथे तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो ठरवला होता. जानेवारी २०२३ पासून तो फुकट मिळतो. पाटी मात्र तीच आहे, 'रास्त भाव'. शून्य हा वाजवी भाव म्हणता येणार नाही. रास्त म्हणता येईल, कारण तिथे प्रश्न किमतीचा राहिलेला नसून कुणाला काय मिळायला हवं याचा आहे. उलट, 'लग्नपत्रिका वाजवी दरात छापून मिळतील' अशी पाटी लावणारा छापखानेवाला तुम्हाला आत बोलावतोय, बसा, बोलू, कमीजास्त करू. तिथे वाजवीचा अर्थ जवळजवळ 'परवडेल असा' इतकाच उरतो.

उसाच्या पट्ट्यात या शब्दाची वेगळीच गंमत आहे. २००९-१० च्या हंगामापासून उसाचा जुना वैधानिक किमान भाव गेला आणि त्या जागी आला 'रास्त आणि किफायतशीर दर', म्हणजे एफआरपी. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) तो टनाला ३५५० रुपये आहे, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते आणि ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असा नियम आहे. कोल्हापूर-सांगलीकडे कुणीही हा आकडा झोपेत सांगेल. पण एफआरपीतला पहिला शब्द 'रास्त' आहे हे कुणाच्या ध्यानात राहत नाही, आद्याक्षरांनी तो गिळून टाकलाय. नाहीतर "रास्त दर रास्त नाही" म्हणून आंदोलन करायची पाळी आली असती. शेतकरी खर्चाचा हिशेब मांडून 'हा दर परवडत नाही' म्हणतो तेव्हा त्याचं भांडण वाजवीचं असतं. 'चौदा दिवसांत एकरकमी द्या' म्हणतो तेव्हा ती मागणी रास्त असते, तिथे थोडं कमी-थोडं जास्त असं काही नसतं.

कायद्याच्या मराठीने तर निवड करूनच टाकली आहे. संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात स्वातंत्र्यावर घालता येतात ते 'वाजवी निर्बंध'. निर्बंध असणार हे गृहीत आहे, किती, एवढंच तपासायचं. 'म्हणणे मांडण्याची वाजवी संधी' हेही त्याच जातीचं. तिथे रास्त घातला तर निर्बंधच बरोबर होते असा निकाल आधीच लागून जातो.

मनातल्या गोष्टींना बहुतेक वेळा रास्त लागतो. आईची काळजी रास्त, पोरांचा राग रास्त, तुमची शंका रास्त. रागाला वाजवी म्हणायला राग मोजून दिलेला असावा लागतो. अपेक्षेला मात्र दोन्ही चालतात आणि तिथे सावध राहावं:

'तिची पगारवाढीची अपेक्षा रास्त आहे.' इतकं काम केलं, तिला वाढ मिळायलाच हवी.

'तिची पगारवाढीची अपेक्षा वाजवी आहे.' आकडा फार नाही, देऊन टाका.

पहिलं वाक्य तिच्या बाजूने बोलणारा लिहील, दुसरं हिशेब बघणारा. दोघांनाही ती वाढ मिळावी असंच वाटतं. साहेबांच्या टेबलावर पहिल्याने वाद होईल, दुसऱ्यावर सही होईल, असा माझा अंदाज.

न्याय्य, उचित, योग्य ही मंडळीही रांगेत असतात. 'न्याय्य हक्क' हा मोर्च्याचा शब्द, तिथे 'वाजवी हक्क' लिहिलंत तर मोर्चाच मागे फिरेल. 'योग्य' इतका सगळीकडे वापरून झालाय की त्याने कुणाचं काही बिघडत नाही. आणि हल्लीची मुलं 'हे फेअर नाहीये' म्हणून मोकळी होतात. त्यात रास्तही येतो, वाजवीही येतो, आणि तक्रार नक्की कशाची हे पुन्हा विचारावं लागतं.

काकांच्या अर्जात दुसरा मुद्दा होता. त्यांनी एक खोली-स्वयंपाकघर भाड्याने दिलंय, त्यावर समिती बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं) सेवा शुल्काच्या पंचवीस टक्के लावत होती. तिथेही त्यांनी 'वाजवी नाही' लिहिलं होतं. ते मी काढायला लावलं. त्या शुल्काला राज्य सरकारच्या २००१ च्या आदेशाने १० टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे. नियमात आकडा असेल तिथे वाजवीही नको आणि रास्तही नको, सरळ 'नियमबाह्य' लिहायचं. विशेषणाने तिथे आपलीच बाजू पातळ होते. तिसरा मुद्दा वर्षभराच्या खर्चाचा हिशेब दाखवा, असा होता. तिथे मात्र काकांनी न विचारता 'आमची ही मागणी रास्त आहे' लिहिलं होतं. मी हात लावला नाही.

आठवड्याने उत्तर आलं. आमच्या सोसायटीच्या सचिव निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, अक्षर मोत्यासारखं. बिनभोगवटा शुल्क कमी केल्याचं एका ओळीत होतं. पुढे: 'हिशेब पाहण्याची आपली मागणी रास्त आहे, रविवारी सकाळी दहा वाजता कार्यालयात यावे. हिशेब पाहिल्यावर वाढ वाजवी असल्याचे आपल्याला पटेल.'

काका रविवारी चष्मा आणि कॅलक्युलेटर घेऊन गेले.