12 ची प्लेट, 10 ची निघाली : प्लाझ्मा कटिंगला काम देताना आधी काट्यावर घाला

चिंचोळी एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. गोडाऊनच्या एका शेडसाठी 300 बाय 300 च्या, 12 एमएम जाडीच्या 120 बेस प्लेट (खांबाच्या तळाशी बसतात त्या) हव्या होत्या. प्रत्येकीला 18 ची चार भोकं. आमच्याकडं गॅस कटर आहे, पण भोकं ड्रिलवर मारत बसलो तर आठवडा जातो. म्हणून बाहेरून प्लाझ्मा कटिंग, म्हणजे विजेनं तापवलेल्या वायूच्या झोतानं कापणी, करून घ्यायचं ठरवलं.

एकाचा दर सगळ्यात कमी आला. मटेरियलसकट. त्यानं नमुना हातात दिला : कड आरशासारखी, भोक गोल गरगरीत. "मालक, आमचं प्रिसिजन मशीन हाय, असंच येतंय बगा." मी भुललो आणि 60 टक्के अॅडव्हान्स दिला. तो तुकडा लेसरवर कापलेला होता, हे नंतर एका मित्रानं बघताक्षणी सांगितलं. कडेवर बारीक, सरळ उभ्या रेघा, वरची धार टोकदार. प्लाझ्माची वरची धार जराशी गोलसर होते, रेघाही मागं वळलेल्या दिसतात.

माल आला तेव्हा व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लावला होता, खोटं कशाला बोलू. जवळपास 12 च दाखवला. उरलेले पैसे लगेच दिले.

दुसऱ्या दिवशी आमचा वेल्डर म्हणाला, "मालक, प्लेट हलकी लागतीय हाताला." मी हसण्यावारी नेलं. मग 16 चा बोल्ट वरून टाकला, तर अर्ध्यात अडकला. भोक वर 18, खाली साडेपंधरा. टॉर्च, म्हणजे झोत सोडणारं मशीनचं तोंड, उंच धरलेला असला, त्यातले नोझल-इलेक्ट्रोड झिजलेले असले की असा टेपर (उतार) येतो. कडेखाली स्लॅग, म्हणजे कापताना वितळलेलं लोखंड, गोठलेला होता. तो ग्राइंडरनं साफ केला, पुन्हा व्हर्नियर लावला : 9.8. आदल्या दिवशी मी प्लेटबरोबर स्लॅगसुद्धा मोजला होता!

मग काट्यावर घातली. हिशेब सोपा आहे : एक चौरस मीटर पत्रा, एक एमएम जाड, म्हणजे 7.85 किलो. आमची प्लेट भोकं वजा जाता 8 किलो 380 ग्रॅमच्या आसपास भरायला हवी. भरली सात किलोला थोडी कमी. बिल मात्र 12 च्या हिशेबानं, म्हणजे 120 नगांत 180 किलोच्या आसपास न आलेल्या लोखंडाचे पैसे गेले. वर भोकांच्या आतलं लोखंडही बिलात धरलेलं. ते एक वेळ चालतं म्हणा, बाजाराची रीतच तशी आहे.

फोन केला तर म्हणे, "तुमीच बघून घेतलंय की." समोर जाऊन बसलो, तेव्हा त्यानं माझंच बिल माझ्यापुढं सरकवलं. त्यावर लिहिलं होतं : 'एम.एस. प्लेट कट पीस' (एम.एस. म्हणजे माइल्ड स्टील, साधं लोखंड), पुढं किलो आणि दर. जाडी कुठंच नाही. मालाबरोबर आलेल्या चलनावरही नाही. ऑर्डर मी फोनवर दिलेली, ड्रॉइंग तोंडी. भांडणार कशावर?

आता प्लेट मीच विकत घेऊन देतो, वजन करून. चलनावर जाडी लिहून सही घेतो. पहिला नग कापला की मशीनजवळ उभा राहून स्लॅग काढायला लावतो, बोल्ट दोन्ही बाजूंनी घालून बघतो, मग पुढचे कापू देतो. उरलेला स्क्रॅपही परत वजन करून आणतो. कटिंगवाले कुरकुरतात, एकानं तर कामच नाकारलं.

त्या 120 प्लेटी अजून शेडच्या मागं पडून आहेत. गोडाऊनला 12 च्या नव्या करून दिल्या, पदरच्या पैशानं.