हॅनिबल, मिझुरी : आरव्हीने दोन मुक्काम, तिसरा नको

सेंट लुईसहून हायवे ६१ धरून उत्तरेला साधारण ११५ मैल गेलं की मिसिसिपीच्या काठावर हॅनिबल लागतं. अमेरिकन लेखक मार्क ट्वेनचं (खरं नाव सॅम्युअल क्लेमेन्स) बालपण इथे गेलं. तो चार वर्षांचा असताना, १८३९ मध्ये, क्लेमेन्स कुटुंब इथे आलं आणि १८५३ मध्ये त्याने गाव सोडलं. तेवढ्या चौदा वर्षांच्या पुण्याईवर गावाचं पर्यटन आजही चालतं. आरव्हीवाल्यांना, म्हणजे घरासारखी सोय असलेली गाडी घेऊन फिरणाऱ्यांना, दोन रात्री उत्तम जातात. तिसऱ्या रात्री मुलं ‘आता काय?’ विचारू लागतात.

मुक्कामासाठी आमची पसंती नदीकाठाला नाही, गावाच्या दक्षिणेला हायवे ७९ जवळच्या मार्क ट्वेन केव्हच्या कॅम्पग्राउंडला. टेकड्यांमधल्या घळीत असल्याने झाडांची सावली मिळते आणि गुहा दाराशीच. नदी दिसत नाही, पण नदीकाठी रेल्वेचे रूळ आहेत आणि मालगाडीचा भोंगा रात्रीची वेळ बघत नाही. घळीतही तो ऐकू येतो, फक्त जरा सौम्य. झोप सावध असेल तर कानात बोळे हवेतच.

बुकिंग करताना वीज, पाणी आणि ड्रेनेज तिन्ही असलेलीच जागा मागा. भाड्याची क्लास सी (मध्यम आकाराची) गाडी बहुधा ३० अँपिअरची असते, म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॅट. आता आपला स्वयंपाक मांडून बघा: एसीला सुमारे दीड हजार, इंडक्शनला पूर्ण ताकदीवर अठराशे, झाले ३,३००. तेवढ्यात कोणी मायक्रोवेव्हमध्ये दूध ठेवलं किंवा पाण्याचा हीटर विजेवर चालू राहिला की ब्रेकर पडलाच. भाजी होईपर्यंत एसी बंद ठेवा, नाहीतर गॅसच्या शेगडीवर करा. हीटरही गॅसवर टाकता येतो. जुलैच्या संध्याकाळी सगळ्यांचे एसी एकदम चालतात तेव्हा व्होल्टेज उतरतं. ते १०५ च्या खाली गेलं तर एसी बंद करणं बरं, कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसर जळतो. व्होल्टेज दाखवणारा सर्ज प्रोटेक्टर भाड्याच्या सामानात नसेल तर मागून घ्या. केबल लावताना आणि काढताना कॅम्पच्या विजेच्या खांबावरचा ब्रेकर आधी बंद करायचा, हे घाईत हमखास राहतं.

पाण्याच्या नळाला प्रेशर रेग्युलेटर लावल्याशिवाय पाइप जोडू नका. गाडीतल्या नळजोडण्यांना ४० ते ५० पीएसआय एवढा दाब पुरतो, त्याहून जोर आला की सिंकखालचा सांधा आधी गळतो आणि पाणी कपाटातल्या पोह्यांपर्यंत पोचल्यावरच कळतं. पिण्याच्या पाण्याचा पांढरा पाइप ड्रेनेजच्या सामानाबरोबर एका कप्प्यात ठेवू नये, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो, कारण लोक ठेवतात.

ड्रेनेजचं गणित पहिल्यांदा आरव्ही घेणाऱ्यांचं हमखास चुकतं. जोडणी आहे म्हणून संडासाच्या टाकीची झडप उघडीच ठेवली, तर पाणी वाहून जातं आणि घट्ट ऐवज तळाशी बसून वाळतो. मग तो निघता निघत नाही. ही झडप बंदच ठेवा, टाकी दोन तृतीयांश भरली की उघडा, आणि ती पूर्ण रिकामी झाल्यावरच सिंक-न्हाणीची टाकी सोडा. त्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. आपल्या जेवणाची वेगळी अडचण म्हणजे तेल आणि डाळ. कढई आधी कागदाने पुसा, मग धुवा. आमटीचा तळ सिंकमध्ये ओतला तर दोन दिवसांत गाडीभर आंबूस वास. चार माणसांच्या अंघोळी गाडीतच झाल्या तर ही टाकी दिवसभरात भरते, त्यामुळे अंघोळीला कॅम्पग्राउंडची न्हाणीघरं वापरलेली बरी.

फोडणी देण्याआधी छतावरची खिडकी उघडून पंखा लावा. मोहरी तडतडायच्या आत धुराचा अलार्म कोकलतो, कारण तो शेगडीपासून जेमतेम दोन पावलांवर असतो. त्याची बॅटरी काढून ठेवायची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका. जमिनीलगतचा अलार्म गॅसगळतीचा आहे. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने तो खाली साचतो, म्हणून यंत्रही खालीच बसवलेलं असतं. त्याच्यासमोर चपलांचा ढीग नको. मिरच्या-लसणाची फोडणी सरळ बाहेर, पिकनिकच्या बाकावर छोट्या शेगडीवर करावी. सिंक फायबरचं असेल तर हळदीचा डाग लगेच पुसा, गाडी परत देताना वाद नको.

आता गाव. मागे छोटी कार ओढून आणली नसेल तर कॅम्पवर जायच्या आधीच गाव बघून घ्या. एकदा गाडी समतल करून सगळं जोडलं की सोडून पुन्हा जोडायला प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास जातो. लांब गाडी मेन स्ट्रीटवर घालू नका, दोन-तीन चौक अलीकडे रुंद रस्त्याला लावून चालत जा. गाव पायी फिरण्याएवढंच आहे.

ट्वेनचं घर १९१२ पासून संग्रहालय आहे. एकाच तिकिटात आसपासच्या इमारती आणि मेन स्ट्रीटवरची गॅलरीही बघता येते. घर दहा मिनिटांत होतं, खरा वेळ गॅलरीला द्या. चित्रकार नॉर्मन रॉकवेलने ट्वेनच्या कथांसाठी काढलेली मूळ चित्रं तिथे आहेत. याच ट्वेनने जानेवारी १८९६ मध्ये मुंबईत वॉटसन हॉटेलात मुक्काम केला होता, आणि तिथल्या कावळ्यांवर त्याने मनसोक्त लिहिलं आहे. त्याचं टोपणनाव नदीतल्या नावाड्यांच्या हाकेतलं : ‘मार्क ट्वेन’ म्हणजे दोन वाव, बारा फूट पाणी. बोटीला तेवढं पुरे. आरव्हीची उंचीही साधारण अकरा-बारा फूट असते. तेव्हा पुलाखाली शिरताना पाटीवरचा आकडा वाचा, आणि गाडीची नेमकी उंची कागदावर लिहून काचेजवळ चिकटवा.

ट्वेनच्या कथांमधल्या टॉम आणि हकच्या १९२६ च्या पुतळ्यामागून कार्डिफ टेकडीवरच्या दीपगृहापर्यंत २४४ पायऱ्या आहेत. दीपगृह १९३५ चं, केवळ स्मारक म्हणून उभारलेलं, एकाही बोटीला त्याने वाट दाखवलेली नाही. वरून नदी मात्र छान दिसते. लव्हर्स लीप या कड्यावरून त्याहून छान, पण आरव्ही तिथे चढवू नका, वर वळवताना घाम फुटेल.

गुहा चुकवायची नाही. आत बाराही महिने सुमारे ५२ फॅरनहाइट, म्हणजे ११ सेल्सियस, त्यामुळे भर उन्हाळ्यातही स्वेटर लागतो. फेरी साधारण तासाभराची, वाट सपाट आणि पायऱ्या नाहीत. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांनाही जमते. १८८६ पासून इथे फेऱ्या चालू आहेत. चुनखडीतली ही भूलभुलैय्याची गुहा, लवणस्तंभांची झुंबरं शोधायला जाल तर निराश व्हाल. भिंतीवर जेसी जेम्स या दरोडेखोराची १८७९ ची सही दाखवतात.

बोटीची फेरी घ्यायची असेल तर आदल्या दिवशी हॅनिबलची पाणीपातळी बघा. १६ फुटांना नदी पूरपातळी ओलांडते. पाणी चढलं की पूरभिंतीचे दरवाजे बंद होतात आणि नदीकाठाला जाता येत नाही. १९९३ मध्ये पाणी ३१.८ फुटांवर गेलं होतं. एप्रिल-मे मध्ये हा धोका जास्त, कारण वरच्या राज्यांतला बर्फ आणि पाऊस एकदम खाली येतो.

बोट हुकली तरी सेव्हर्टनजवळचा लॉक अँड डॅम २२ बघा. तिथला लॉक, म्हणजे पाणी कमीजास्त करून बोटी वर-खाली नेणारा हौद, ६०० फुटी आणि पंधरा बार्जचा (मालवाहू तराफ्यांचा) तांडा जवळजवळ १,२०० फुटांचा, म्हणून तो मधे तोडून दोन खेपांत पार करतात. दीड-दोन तास लागतात. मुलांना हे संग्रहालयापेक्षा जास्त आवडतं. तिथून हायवे ७९ ने पुढे लुईझियाना गावापर्यंतचा रस्ता देखणा आहे, पण चढउतार आणि वळणं भरपूर. उतारावर ब्रेक दाबून धरू नका, खालचा गिअर टाका.

खाण्याच्या बाबतीत अपेक्षा आवरा. १९४२ पासूनचं मार्क ट्वेन डिनेट, उंचावर फिरणारा मोठा मग असलेलं, रूट बीर (बिनदारूचं गोड पेय) आणि कांद्याच्या कड्यांसाठी जावं असं. रूट बीरची चव काहींना खोकल्याच्या औषधासारखी लागते, एकच ग्लास मागवून सगळ्यांनी चाखा. मांसाहारींनी ब्रेडेड पोर्क टेंडरलॉइन (पावाचा चुरा लावून तळलेलं डुकराचं मांस) घ्यावं, मांस पावाबाहेर चारी बाजूंनी लोंबतं. शाकाहाऱ्यांना कड्या, चीज आणि बटाट्यावरच भागवावं लागेल. म्हणून तूरडाळ, मसाले, गोठवलेल्या पोळ्या सेंट लुईसच्या पश्चिम उपनगरांतल्या भारतीय दुकानांतून भरून घ्या. वाटेत पुन्हा संधी नाही. उन्हाळ्यात बाजारात गोड मका मिळतो, तो पिकनिकच्या बाकावर भाजा, तिखट-मीठ-लिंबू लावून. कुकरची शिट्टी मात्र रात्री दहाच्या आत.

४ जुलैच्या आसपास टॉम सॉयर डेज नावाचा उत्सव भरतो, कुंपण रंगवायच्या शर्यतीसकट. तेव्हा जागा कित्येक महिने आधी घ्यावी लागते. आमचा सल्ला सप्टेंबरच्या शेवटच्या किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याचा : डास कमी, पाणी उतरलेलं, आणि रात्री एसी लागत नाही, म्हणजे इंडक्शन मोकळं.