तुरीच्या ढिगातली काठी आणि ३६ पानांचा अहवाल

लातुरात डाळ मिलच्या मालकाला विचारा, तूर वाळली का नाही हे कसं कळतं? तो मिस्त्रीकडं बोट दाखवील. मिस्त्री ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, आतला एक दाणा काढून दाताखाली धरतो, कट्ट आवाज ऐकतो आणि म्हणतो, "अजून एक ऊन लागतंय बगा." माझे वडील अशाच एका मिलमध्ये मुनीम होते. पुढं मी डिप्लोमा कॉलेजात इन्स्ट्रुमेंटेशन शिकवायला लागले आणि २०२२ साली शेवटच्या वर्षाच्या तीन पोरांना हाच प्रोजेक्ट दिला: ढिगात खुपसायची, आतला ओलावा सांगणारी काठी.

काठी चालली. पण तिचं पुढं काय करायचं हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून संभाजीनगरच्या एका सल्लागार संस्थेकडं गेलो. संशोधनाचं मूल्यमापन, पेटंटची कामं आणि तंत्रज्ञान विकत घेणारी कंपनी शोधून देणं, असं तिन्ही करणारी संस्था. हा रिव्ह्यू तिच्या सेवेचा आहे. नाव लिहीत नाही, कारण ज्या पोरानं आमची फाईल सांभाळली तो अजून तिथंच नोकरीला आहे आणि त्याच्या साहेबांबद्दल खाली जे लिहिलंय त्याचं बिल त्याच्यावर फाटायला नको.

पैशाचं आधी सांगते, कारण बाकीचे शेवटी सांगतात. मूल्यमापन आणि पेटंट-शोध (म्हणजे असं काही आधी कुणी केलंय का ते धुंडाळणं) मिळून ३५ हजार. मार्केटिंगचे वेगळे २५ हजार. वर जीएसटी. सरकारी फी यात नाही, पण ती फार नाही: शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून ८० टक्के सवलत आहे, ऑनलाइन अर्जाला १,६०० रुपये पडले. म्हणजे जो खर्च होतो तो सल्ल्याचा.

पहिल्या भेटीत त्या पोरानं काठी हातातसुद्धा घेतली नाही. पहिला प्रश्न, "मॅडम, ही कुठं दाखवलीय का?" मी अभिमानानं सांगितलं, कॉलेजच्या प्रदर्शनात पहिला नंबर आला, पेपरात फोटोही छापून आला. त्याचा चेहरा पडला. पेटंटचा अर्ज करायच्या आधी शोध उघड झाला की त्यातलं नावीन्य गेलं. प्रदर्शनाला १२ महिन्यांची सवलत कायद्यात आहे, पण ती केंद्र सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला. आमच्या गॅदरिंगच्या मांडवाला नाही. मग त्यानं पेपरचं कात्रण मागवलं, ते टेबलावर पसरून भिंगानं बघावं तसं बघितलं. फोटोत बाहेरची स्टीलची नळी होती आणि विभागप्रमुखांचं हसू होतं. आतले इलेक्ट्रोड (ओलावा मोजणारे धातूचे भाग) कसे बसवलेत ते त्यात दिसत नव्हतं, प्रदर्शनातही काठी उघडून दाखवली नव्हती. "वाचलात," तो म्हणाला. त्याच आठवड्यात त्यानं प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज लावला. संपूर्ण तपशिलाचा अर्ज त्यानंतर १२ महिन्यांत द्यावा लागतो. तेवढी मुदत हातात आली.

आता शोध नेमका काय, यावर त्यानं आमचे दोन पूर्ण दिवस घेतले, आणि ३५ हजारांतले ३० मी त्या दोन दिवसांचेच समजते. तुरीचं टरफल डाळीला घट्ट चिकटलेलं असतं. म्हणून मिलमध्ये आधी एमरीच्या खरखरीत रोलरवर दाण्याला ओरखडे काढतात, तेल चोळतात, रात्रभर ढीग करून ठेवतात आणि दिवसा गच्चीवर पसरतात. असे दोन-तीन दिवस. ओलसर राहिली तर टरफल सुटत नाही, जास्त वाळली तर डाळ फुटून चुरी होते, आणि चुरीचा भाव तुम्हाला माहीतच आहे. बाजारातली ओलावा मोजायची मीटर आम्ही वापरून पाहिली होती. तेल लावलेल्या दाण्यावर ती भलतेच आकडे देत. आमच्या पोरांनी तेल लावलेल्या तुरीसाठी मोजलेल्या आकड्यावरून खरा ओलावा काढायचा वेगळा तक्ता तयार केला होता आणि मला वाटायचं, तोच आमचा शोध.

तो म्हणाला, नुसत्या तक्त्याला पेटंट मिळत नाही. गणिती पद्धत आणि नुसता संगणक प्रोग्राम पेटंट कायद्याच्या कलम ३(के) खाली बाद होतात. मग इलेक्ट्रोडची जी मांडणी आम्ही तेलाचा थर घासून काढण्यासाठी सहज केली होती, जिचा आम्ही रिपोर्टमध्ये एका ओळीत उल्लेख केला होता, ती त्यानं उचलून मधोमध ठेवली. पेटंट-शोधही आमच्यासमोर बसून केला. इनपास, एस्पेसनेट, गूगल पेटंट्स, या पेटंट शोधायच्या वेबसाइट. हे सगळं फुकट असतं हे मला पस्तिशी उलटल्यावर कळलं. धान्याचा ओलावा मोजायचे कितीतरी जुने शोध निघाले. डाळ मिलवर अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळ मिल आणि म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न संशोधन संस्थेचं काम आधीच आहे, हेही त्यानं समोर ठेवलं. कुठंच गोड बोलला नाही. आमची काठी प्रत्यक्ष वापराला किती तयार आहे, हे नासानं घालून दिलेल्या १ ते ९ पायऱ्यांच्या मापावर सांगायचं असतं. मी आठ म्हणाले. त्यानं पाच लिहिलं, कारण काठी एकाच मिलमध्ये, एकाच हंगामात, माझ्या वडिलांच्या ओळखीवर चालली होती. राग आला, पण बरोबर होतं.

अजून एक गोष्ट त्याच्यामुळं वेळेत झाली. पोरं कॉलेजची नोकर नाहीत, विद्यार्थी आहेत. त्यामुळं शोध आपोआप कॉलेजचा होत नाही, त्यांनी सही करून हक्क द्यावे लागतात. तिघांतला एक तोवर पुण्याला कंपनीत लागला होता. त्याची एक सही आणायला तीन आठवडे गेले. हेच दोन वर्षांनी, एखादी कंपनी दारात उभी असताना निघालं असतं तर?

इथवर पाचपैकी पाच.

नंतर आला अहवाल, ३६ पानांचा. पहिली १४ पानं त्या पोराची, हे वाचताच कळतं. पुढची २२ साहेबांची असावीत. त्यात जगभरच्या मॉइश्चर मीटरच्या बाजाराची रंगीत वर्तुळं, आणि गिऱ्हाईक कोण, तर 'देशातील सर्व डाळ प्रक्रिया उद्योजक'. या संस्थेतला एकही माणूस लातूरच्या एकाही मिलमध्ये आला नव्हता. संभाजीनगरहून लातूर काही अमेरिकेत नाही. आला असता तर कळलं असतं की काठी विकत घेणार शेठजी, वापरणार मिस्त्री, आणि मिस्त्रीला ती काठी म्हणजे आपल्या पोटावर पाय वाटते. या एका अडचणीवर २२ पानांत एक शब्द नाही.

मार्केटिंगचं तर विचारूच नका. गोपनीय भाग वगळून एका पानाचं पत्रक केलं, इंग्रजीत. ते ६० कंपन्यांना ईमेल. सहा महिन्यांत दोन उत्तरं आली. एकानं लिहिलं, यादीतून आमचं नाव काढा. दुसऱ्यानं आम्हालाच त्यांचं मीटर विकायला फोन केला. दर महिन्याला संस्थेकडून प्रगतीचा तक्ता यायचा, त्यात 'संपर्क सुरू' असं हिरव्या रंगात.

आपल्या मराठवाड्यात हे असं का व्हावं, याचं मला खरंच नवल वाटतं. दिल्लीच्या संशोधन संस्थेची पुसा सावनी भेंडी जालन्यात आणून बद्रीनारायण बारवाल्यांनी तिचं बियाणं केलं, ते शेतकऱ्यांच्या गळी उतरवलं आणि १९६४ साली महिको ही बियाण्यांची कंपनी उभी केली. पुढं त्या भेंडीवर हळद्या (पानं पिवळी पाडणारा रोग) पडायला लागला, तेव्हा परभणीच्या विद्यापीठानं पुसा सावनीचाच रक्तसंबंध ठेवून परभणी क्रांती हा नवा वाण काढला. प्रयोगशाळेतली वस्तू बांधापर्यंत कशी न्यायची हे इथं शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नाही. ईमेलनं मात्र यातलं काहीच झालं नव्हतं. (तुमचा शोध बियाण्याचा असेल तर या संस्थेत जाऊच नका. वाण पेटंटखाली येत नाही, त्याचा २००१ चा कायदा वेगळा आहे.)

शेवटी गिऱ्हाईक सापडलं ते वडिलांच्या जुन्या शेठजींमुळं. मी रडगाणं सांगितलं तर म्हणाले, "कंपन्या कशाला हुडकायलाव ताई? काटेवाल्याला गाठा की!" लातूरच्या एमआयडीसीत इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवणारे आणि दुरुस्त करणारे आहेत. काट्याच्या मुद्रांकनासाठी (काटा तपासून सरकारी शिक्का घेण्यासाठी) हा माणूस दरवर्षी प्रत्येक मिलच्या आत जातोच. त्याला सर्किट कळतं, मिस्त्री त्याच्या हातचा चहा पितो, आणि वस्तू बिघडली तर कुणाला हाक मारायची हे मालकाला आधीच माहीत असतं.

काटेवाल्यांना काठी दाखवायच्या आधी गोपनीयतेच्या करारावर सही घ्या, असं त्या पोरानं बजावलं होतं. मला लाज वाटत होती, घरच्यासारख्या माणसाकडून सही काय घ्यायची. घेतली. वाटाघाटीला संस्थेनं जो छापील मसुदा दिला त्यात विक्रीच्या ५ टक्के रॉयल्टी होती. काटेवाले हसले. "मॅडम, मी बिल किती रुपयाचं फाडतो ते तुमी तपासायला येणार हाव का?" म्हणून नगामागं ठरावीक रक्कम ठरली. नग मोजता येतात, प्रत्येक काठीला नंबर आहे. मसुद्यातलं एक कलम मात्र सोन्यासारखं निघालं: हक्क फक्त त्यांनाच, पण वर्षाला ठरलेले नग बनवले नाहीत तर हक्क परत कॉलेजकडं. हे कलम त्या पोराचं, हे मला नंतर कळलं.

मिस्त्रीचा प्रश्न काटेवाल्यांनीच सोडवला. काठीवर आकडा दाखवायचाच नाही म्हणाले, तीन दिवे लावा: ओली, होत आली, झाली. आकडा दिसला की मालक मिस्त्रीच्या डोक्यावर येऊन बसतो. आम्ही आकडा आत ठेवला, बटण दाबलं तरच दिसतो.

तर मूल्यमापनाला पाच, मार्केटिंगला अर्धा, आणि तो अर्धा त्या कलमाचा. मार्केटिंगचे २५ हजार कॉलेजनं दिले, पण प्राचार्य अजूनही जिन्यात भेटले की "ते ६० ईमेल" एवढंच म्हणतात.

परवा पेटंट कार्यालयाचा पहिला परीक्षण अहवाल आला. दोन हरकती आहेत, उत्तराला ६ महिने. त्या पोराचा रात्री फोन आला, हरकती भारी नाहीत, उत्तर त्याच्या डोक्यात तयार आहे. सकाळी साहेबांचं कोटेशन आलं, उत्तराचे १८ हजार वेगळे. ते कुणी द्यायचे यावर सध्या कॉलेजात फाईल फिरतेय.