वस्तऱ्याचा गंज: वॉटर पेपर की बफिंग?

जुन्या बाजारातून रविवारी आणलेला, तांबूस गंज चढलेला आणि त्याखाली काळे खड्डे पडलेला वस्तरा पुन्हा दाढीच्या लायक करायचा असेल, तर बहुतेकांपुढे दोनच मार्ग उरतात: वॉटर पेपरने (पाणी लावून वापरायच्या घासकागदाने) हाताने घासणे किंवा पाते बफिंगच्या, म्हणजे चकाकी आणणाऱ्या फिरत्या कापडी चाकाला लावणे. मी एक इंग्लंडमधील शेफील्डचा आणि एक जर्मनीतील सोलिंगेनचा असे दोन वस्तरे या दोन वेगवेगळ्या मार्गांनी दुरुस्त केले आहेत.

आधी खड्डे कुठे आहेत ते भिंगाखाली पाहावे. खड्डा ऐन धारेवर असेल, तर दोन्ही मार्ग निरुपयोगी आहेत. तिथे खड्डा संपेपर्यंत धार मागे घ्यावी लागते आणि पाते तेवढे अरुंद होते. प्रश्न उरतो तो पात्याच्या अंगावरील खड्ड्यांचा.

बफिंगचा वेग मोहात पाडणारा आहे. शेफील्डचे पाते मी बेंच ग्राइंडरला कापडी चाक बसवून वीस मिनिटांत आरशासारखे केले होते. शेपटीवरील (पात्यामागच्या, धार नसलेल्या भागावरील) कोरीव अक्षरांच्या कडा मात्र बोथटल्या, पण तेही मी चालवून घेतले असते. चालवून घेता आली नाही ती उष्णता. पात्याची पाठ जाड असल्यामुळे ती धरलेल्या बोटांना काही जाणवत नाही. धारेजवळचे पोलाद मात्र कागदासारखे पातळ असते आणि क्षणात तापते. टोकापासून बोटभर अंतरावर तांदळाच्या दाण्याएवढा निळसर डाग दिसला, तेव्हा उशीर झालेला होता. तो निळा रंग पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याची खूण असते, आणि इतक्या उष्णतेने वस्तऱ्याचे पाणी उतरते. मग ते पाते लगेच गार पाण्यात बुडवूनही गेलेला कडकपणा परत येत नाही. पुढे मी १००० पासून १२००० नंबरपर्यंतच्या (नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक) दगडांवर धार लावली, चामड्याच्या पट्ट्यावर पाते फिरवले. पहिली दाढी उत्तम झाली आणि दुसऱ्या दाढीला हनुवटीखाली नेमका त्याच जागी केस ओढला गेला. तेव्हापासून दर वेळी तसेच होते.

सराईत हाताला आणि वेग कमी करता येणाऱ्या मशीनला हे टाळता येत असेलही. शिवाय चाक धार पकडून पाते भिरकावू शकते, ही धास्ती वेगळीच.

सोलिंगेनच्या वस्तऱ्याला चार संध्याकाळी लागल्या. पुण्याच्या बोहरी आळीतून ३२० ते २००० नंबरपर्यंतचे वॉटर पेपर आणले, पाते लाकडाच्या फळीवर आडवे टेकवले आणि पोटाच्या (पाठ आणि धार यांमधल्या भागाच्या) पोकळ घडणीत नीट बसावा म्हणून पेपर बाटलीच्या बुचाला गुंडाळून घासला. एक नंबर पात्याच्या लांबीने आणि पुढचा पाठीकडून धारेकडे चालवला, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते स्पष्ट दिसते. धारेकडून पाठीकडे हात कधीही नेऊ नये. पेपर कापला जातो आणि त्यामागोमाग बोटही. काम कंटाळवाणे आहे, नखांतला काळा चिखल दोन दिवस निघत नाही, पण पाते तापण्याचा प्रश्नच येत नाही.

खोल खड्डे याही मार्गाने पूर्ण जात नाहीत. माझ्या पात्यावर पाठीलगत तीन काळे ठिपके आहेत आणि ते मी मुद्दाम ठेवले, कारण ते काढण्यासाठी आधीच पातळ असलेले पोट आणखी झिजवावे लागले असते. धारेपासून दूर असल्यामुळे दाढीत त्यांचा अडथळा होत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात मात्र ओल तिथेच आधी धरते, म्हणून दाढीनंतर पाते कोरडे करून त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवतो.

घरी मशीन असेलच, तर ती शेपटीच्या जाड, अक्षरे नसलेल्या भागापुरती वापरण्यास माझी हरकत नाही. पात्यासाठी मी तरी वॉटर पेपरच घेईन.