कालप्रवासाची कादंबरी: छापील की ऑडिओ?

इतिहास, जादू आणि प्रेम एकत्र गुंफलेल्या कादंबरीत वाचक बहुधा एकाच प्रश्नाशी अडखळतो: आपण आत्ता कोणत्या सालात आहोत? प्रकरणाच्या माथ्यावर नुसतं ‘१७४३’ छापलेलं असतं. छापील प्रतीत दोन पानं मागे उलटली की उलगडा होतो. ऑडिओत तो आकडा क्षणात निघून जातो, आणि पुढचा बराच वेळ नायिका कोणत्या शतकातल्या माणसावर जीव लावतेय तेच कळत नाही.

म्हणून या प्रकारातली पहिली कादंबरी छापीलच घ्या. खुणेच्या कार्डावर तीन रकाने आखा: साल, ठिकाण, कोणाला काय ठाऊक आहे. तिसरा रकाना कधीच सोडू नका. एकाला पुढचं माहीत आणि दुसऱ्याला नाही, यातूनच इथले सगळे विरह जन्मतात. जादूचा नियमही टिपा: दुसऱ्या काळात नेणारं दार कधी उघडतं, त्याची किंमत काय. लेखक पुढे तो मोडतो का, ते लगेच दिसतं. नाशिककरांना १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहेच; जाड ग्रंथ मात्र परतीची तारीख पाहूनच उचला.

ऑडिओ खुलतो तो संवादांत; जुनी बोली कानाला गोड लागते. ऐकण्याचा वेग १.२५ पटीच्या वर नेऊ नका, नावं निसटतात. नाशिकरोडहून मुंबईला निघताना फाइल आधीच डाउनलोड करा, कारण कसारा घाटातल्या बोगद्यांत नेटवर्क तुटतं. वाचून झालेली कादंबरी दुसऱ्यांदा अनुभवायला मात्र ऑडिओच सरस.